शेखमहंमदीचा हिशेब

हवेत इमले बांधणे, मनोराज्य करणे हे शब्दप्रयोग आपण नेहमी वापरतो. याच अर्थाचा आणखी एक शब्द जुन्या मराठी शब्दकोशांत सापडतो. तो म्हणजे ‘शेखमहंमदी’. आज हा शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला आहे, तरुण पिढीला तर तो ऐकूनही ठाऊक नसेल. पण एके काळी मराठी माणसाला रिकाम्या स्वप्नाळूसाठी एक नाव हवे होते आणि त्याने ते एका मुसलमानाचे घेतले, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. हा शेख महंमद म्हणजे श्रीगोंद्याचे संतकवी, ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद नव्हेत. हा लोककथेतला भोळा माणूस. आपल्या घरांत त्याला शेखचिल्ली म्हणतात. हरियाणात थानेसरला शेख चेहली या सूफींचा सुंदर मकबरा आहे, दारा शिकोहशी त्यांचे नाव जोडले जाते. त्या बुजुर्गांचे नाव एका विनोदी पात्राला कसे चिकटले, हा वेगळाच विषय आहे.

शेखचिल्लीची गोष्ट कोणाला ठाऊक नाही? एका शेठजीची तुपाची घागर डोक्यावर घेऊन तो निघतो. पोहोचवल्यावर दोन पैसे मजुरी मिळायची आहे. चालता चालता तो हिशेब मांडतो. दोन पैशांची अंडी घेईन, अंड्यांतून कोंबड्या, कोंबड्या विकून बकरी, बकऱ्या विकून गाय, मग म्हैस, मग बाजारात दुकान, मग लग्न, मग मुले. मुले पैसे मागायला येतील, मी मान हलवून ‘नाही’ म्हणेन. तो मान हलवतो आणि घागर फुटते. शेठजी तुपासाठी ओरडू लागतो तेव्हा शेखचिल्ली म्हणतो, तुमचे तर नुसते तूप गेले, माझा भरला संसार गेला. यावर सगळे हसतात. लहानपणी आपणही हसलो आहोत.

ही गोष्ट फार जुनी आहे आणि तिने पुष्कळ प्रवास केला आहे. ‘पंचतंत्रा’च्या पाचव्या तंत्रात स्वभावकृपण नावाचा ब्राह्मण आहे. भिक्षेत मिळालेल्या सातूच्या पिठाचे मडके खुंटीला टांगून तो खाली पडून राहतो. दुष्काळ पडेल, पीठ शंभर रुपयांना जाईल, त्यातून दोन शेळ्या, मग गाई, म्हशी, घोड्या, घर, बायको, मुलगा. बायको मुलाकडे लक्ष देत नाही म्हणून तो लाथ मारतो आणि मडके फुटून पिठाने पांढरा होतो. सहाव्या शतकात इराणचा बादशहा नौशेरवान याच्या काळी बुर्झोय नावाच्या हकिमाने हा ग्रंथ पहलवी भाषेत नेला. आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फाने तो ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आणला. तिथे ब्राह्मणाचा फकीर झाला, आणि लाथेऐवजी त्याच्या हातातली काठी मडक्याला लागली. ‘अलिफ लैला’त हाच माणूस बगदादच्या एका न्हाव्याचा पाचवा भाऊ होतो. बापाच्या मिळकतीतून त्याच्या वाट्याला शंभर दिरहम येतात, त्यांची तो काचेची भांडी घेतो आणि टोपली पुढे ठेवून बाजारात बसतो. शंभराचे दोनशे, दोनशेचे चारशे. करता करता तो वजिराच्या मुलीशी निकाह लावतो, तिच्यावर रुबाब दाखवायला पाय झाडतो आणि टोपली उलटते. फ्रान्समध्ये ला फोंतेनने १६७८ मध्ये दूध विकायला निघालेल्या मुलीवर हीच कथा रचली. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ आणल्या, तेव्हा न्हाव्याचे हे सगळे भाऊ मराठी घरांत आले.

मला या प्रवासात एक गोष्ट खटकते. पंचतंत्रातले पीठ ब्राह्मणाचे स्वतःचे होते. बगदादमधली काचही त्या भावाची स्वतःची होती. आपल्या शेखचिल्लीपर्यंत गोष्ट येते तेव्हा घागर शेठजीची होते आणि स्वप्न पाहणारा हमाल होतो. त्याच्याकडे भांडवल म्हणून फक्त अजून हाती न पडलेली दोन पैशांची मजुरी आहे. हिंदुस्थानातल्या गरीब मुसलमानाचे वर्णन लोककथेने इतके नेमके केले आहे की ते हसण्यावारी नेणे मला जमत नाही.

दुसरी गोष्ट, शेखचिल्लीचा हिशेब चुकलेला नाही. अंड्यातून कोंबडी, कोंबड्यांतून बकरी ही चढण खेड्यापाड्यांत आजही माणसे चढतात. ज्या बाईकडे काहीच नाही ती पहिल्यांदा कोंबडीच घेते. चूक एवढीच की या हिशेबात जागेचे भाडे नाही, सावकार नाही, रोगराई नाही, शिपाई नाही. गोष्ट सांगणाऱ्यांनी मडके नेहमी स्वप्न पाहणाऱ्याच्याच लाथेने नाहीतर मानेने फोडले. इतिहासात ती मडकी कोणी फोडली हे पाहायचे असेल तर पुस्तक मिटून एखाद्या ठिकाणी जाऊन उभे राहावे लागते. मी आपल्या वऱ्हाडातले, दुधाचेच गाव निवडतो. सेमाडोह.

परतवाड्याहून धारणीकडे निघाले, घटांगचा घाट चढून गेले की सुमारे पन्नास किलोमीटरवर सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. पुढे हा रस्ता हरिसाल, धारणी करीत बऱ्हाणपूर-खंडव्याकडे जातो. गावाच्या चहूबाजूंनी मेळघाटचे राखीव जंगल. वनखात्याचे पर्यटन संकुल आहे, वाघ पाहायला आलेली मंडळी उतरतात आणि रस्त्यालगतच्या टपऱ्यांवर रबडी खातात, खवा बांधून घेतात. अमरावती-अकोल्याकडची माणसे चिखलदऱ्याला जाऊन आली की घरचे खव्याची चौकशी करतात.

हा खवा इथे का होतो? मेळघाटात कोरकूंच्या जोडीने गवळी राहतात. त्यांच्या म्हशी नागपुरी जातीच्या. त्या जातीला एलिचपुरी असेही जुने नाव आहे, म्हणजे आपल्या अचलपूरचेच. दूध भरपूर, पण ते प्यायला गिऱ्हाईक पन्नास किलोमीटरवर, मधे घाट. दूध पोहोचेपर्यंत नासणार. म्हणून ते कढईत आटवायचे. पाच लिटरच्या आसपास म्हशीचे दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा पडतो. वजन घटते, टिकाऊपणा वाढतो, मोटारीच्या टपावरून माल शहरात जातो. ला फोंतेनच्या मुलीला हे सुचले असते तर तिचे दूध सांडले नसते! गवळ्याने पोटाच्या गरजेतून काढलेली ही युक्ती आहे आणि तिच्यात धंद्याची सगळी अक्कल आहे. नाशवंत माल हाती असेल तर त्याचे रूप बदला, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

तिथल्या एका टपरीवर चहा घेताना मी दुकानदाराला विचारले होते की वनखात्याची रोजंदारी मिळत असताना ही उठाठेव कशाला? तो म्हणाला, “दुकान आपली असली का कोनाचं आयकून घ्या लागत नाही, चाचा.” कमाई जास्त आहे असे तो म्हणाला नाही. बहुधा ती जास्त नव्हतीच. माणसे स्वतःच्या दुकानाचे स्वप्न पाहतात ते पैशांसाठी पाहतात असे आपण धरून चालतो. त्या स्वप्नात पैसा असतोच, पण त्याच्याही आधी मुकादमाची हाक नसलेली एक सकाळ असते.

आता या सकाळीचा वऱ्हाडातला इतिहास पाहू. १४९० ते १५७४ या काळात इमादशाहीची राजधानी एलिचपूर होती. राजधानी म्हटली की कारागीर आले, आणि राजवट गेली तरी पेशे मागे राहिले. मोमीन विणत, रंगरेज रंगवत, पिंजारी कापूस पिंजत, मनियार बांगड्या भरत, अत्तार, तांबोळी, बागवान, कलईगर आपापली पथारी घेऊन आठवडी बाजार करीत. अकोट आणि बाळापूरच्या सतरंज्यांचे नाव दूरवर होते. यांतले बहुतेक लोक गरीब होते, पण हत्यार त्यांचे होते. हातमाग घरात, पिंजण खांद्यावर. आज ज्याला आपण स्वतःचा व्यवसाय म्हणतो ते त्यांना स्वप्नात पाहावे लागत नव्हते, बापाकडून मिळत होते. (यात जातीचे कुंपण होते, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. पिंजाऱ्याच्या मुलाला अत्तार होण्याची सोय नव्हती आणि बिरादरीबाहेर सोयरीकही होत नव्हती.)

पिंजारी स्वतःला मन्सूरी म्हणवतात. इ.स. ९२२ मध्ये बगदादला सुळावर गेलेले सूफी मन्सूर हल्लाज हे त्यांचे पूर्वसूरी. ‘हल्लाज’ म्हणजे कापूस पिंजणारा. लोहार हजरत दाऊद (अ.) यांचे नाव घेतात, सुतार हजरत जकरिया (अ.) यांचे. प्रत्येक पेशाला अशी एक नाळ होती. हाताने कमावून खाणे ही हलकी गोष्ट नाही, नबींनी केलेली गोष्ट आहे, हा भरवसा त्या नाळेतून येई. अरबी ‘कस्ब’ म्हणजे कमाई. मराठीत येता येता तिचे ‘कसब’ झाले आणि अर्थ झाला हातातले कौशल्य. दुकान, माल, मालक, नफा, नुकसान, हिशेब, जमा, खर्च, बाकी हे सारे शब्दही मराठीत आपल्याच वाटेने आले. ‘भांडवल’ मात्र आपल्या वाटेने आलेले नाही!

माझे मामू पिंजारी. दिवाळीच्या आधी त्यांच्या पिंजणाच्या तातीचा आवाज गल्लीत शिरला की बाया जुन्या गाद्या बाहेर काढत. ते सांगत की त्यांच्या आजोबांच्या काळी गाद्यांचे काम दुय्यम होते, खरे काम सुताचे. घरोघर चरखा होता, चरख्याला पेळू लागत आणि पेळूसाठी पिंजलेला कापूस. हे बंद का पडले ते मामूंना ठाऊक नव्हते. ते वेगळ्याच कागदांत लिहिलेले आहे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. १८६७ मध्ये भुसावळहून अकोला-बडनेरा मार्गे रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा आणि १८७१ मध्ये अमरावतीचा फाटा झाला. कापूस न्यायला गाडी आली तशी परतीच्या फेरीत तिने कापड आणले. मध्य प्रांत-वऱ्हाडचा कॉटन कमिशनर रिव्हेट-कार्नॅक याने या फाट्यांकडून असलेली अपेक्षा सरकारी अहवालात उघडपणे मांडली होती. विलायती कापड इथे आणखी स्वस्त पडावे, देशी विणकर मागे हटावा आणि मोकळे झालेले हात कापसाच्या शेतीत मजुरीला लागावेत. विणकर बुडाला तो काळाच्या ओघात, आळसाने, शिक्षण नसल्याने, असे आपल्याकडे फार बोलले जाते. त्याचे मडके फुटावे अशी इच्छा करणारा अधिकारी नावानिशी सापडतो, हे कमी बोलले जाते. लक्ष्मण सत्या या अभ्यासकाने वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळांवरच्या ग्रंथात ही सारी साखळी मांडली आहे. सूत विलायतेहून येऊ लागले तेव्हा चरखा थांबला. चरखा थांबला तेव्हा पिंजाऱ्याकडे फक्त गाद्या उरल्या. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. हातमाग विकून खाणाऱ्याला नंतर तो परत घेता येत नाही.

पुढे अचलपूरला विदर्भ मिल निघाली. ज्यांचे आजोबा मागाचे मालक होते ते पाळीने भोंग्यावर कामाला जाऊ लागले. नोकरी पक्की, पगार महिन्याला, इज्जतही होती. विदर्भ मिल गेली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची फिनले मिल आली आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीत तिचेही चाक थांबले. मिल थांबली की दुसऱ्या महिन्यात गावात हातगाड्या वाढतात. केळी, अंडी, मोबाइलची कव्हरे. या हातगाडीला स्वप्न म्हणायचे की नाइलाज?

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातले आकडे इथे पाहण्यासारखे आहेत. देशातल्या मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात होते, हिंदू कामकऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्के. शहरांत हे अंतर वाढून ५७ आणि ४३ असे होते. मुस्लिम स्त्रियांमध्ये तर प्रमाण ७३ टक्के. आपल्या काही मंडळींनी हे आकडे अभिमानाने सांगितले. व्यापार ही सुन्नत आहे, आपला समाज उद्यमशील आहे, नोकरीच्या मागे लागत नाही. अहवाल नीट वाचला तर असे म्हणवत नाही. घरात बसून विड्या वळणारी, जरीकाम करणारी बाई त्या ७३ टक्क्यांत आहे. तंबाखू ठेकेदाराचा, माप ठेकेदाराचे, नापास विड्या बाजूला काढण्याचा अधिकारही ठेकेदाराचाच. ती स्वतःची मालकीण कुठल्या अर्थाने झाली? शेखचिल्लीच्या डोक्यावरच्या घागरीसारखाच हा प्रकार. माल दुसऱ्याचा आणि फुटला तर नुकसान तिचे. त्याच अहवालात असेही नोंदवले आहे की काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग कर्जासाठी ‘नकारात्मक’ ठरवून ठेवले होते. म्हणजे माणूस पाहण्याआधी त्याचा मोहल्ला पाहायचा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आले, २०१५ मध्ये मुद्रा योजना आली, २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजनेतून दहा हजारांचे पहिले कर्ज मिळू लागले. पण ती योजना शहरांतल्या पथविक्रेत्यांसाठी आखलेली. जंगलातल्या रस्त्यावर रबडी विकणाऱ्याला तिचा काय उपयोग?

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हजरत अनस (र.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. आपल्या जलशांत तो भीक मागू नका एवढ्यापुरता सांगितला जातो. त्यातला तपशील मला अधिक मोलाचा वाटतो. एक अन्सारी गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आले. घरात काय आहे, असे त्यांना विचारले गेले. अर्धी पांघरायची, अर्धी अंथरायची एक चादर आणि पाणी प्यायचा एक वाडगा. प्रेषितांनी दोन्ही वस्तू मागवल्या आणि लोकांसमोर लिलाव केला. एकाने एक दिरहम सांगितला. कोणी जास्त देतो का, असे प्रेषितांनी दोन-तीनदा पुकारले, तेव्हा दुसऱ्याने दोन दिले. एका दिरहमचे घरच्यांसाठी खायला घ्या आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणा, असे त्या गृहस्थांना सांगितले. कुऱ्हाड आली तेव्हा प्रेषितांनी स्वतःच्या हाताने तिला दांडा बसवला. जा, लाकडे तोडा, विका, आणि पंधरा दिवस मला दिसू नका. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ दहा दिरहम कमावून आले.

यात उपदेश थोडाच आहे. आधी घरच्यांच्या जेवणाची सोय केली, कारण उपाशी लेकरांच्या घरात भांडवल टिकत नाही. बोली वाढवून घेतली. पैसा हातावर ठेवला नाही, त्याचे हत्यार केले. मुदत ठरवून दिली. आणि दांडा बसवून दिला, ही मदत कोणत्याही कर्जाच्या अर्जात बसत नाही. १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून ८५६ टका दिले आणि त्यातून पुढे ग्रामीण बँक उभी राहिली. २००६ चे शांततेचे नोबेल त्यांना आणि बँकेला मिळाले. पुढे सूक्ष्म कर्जाच्या नावाखाली हप्तेवसुलीचा जो बाजार ठिकठिकाणी मांडला गेला तो आपण आपल्या गल्लीतही पाहतो. त्या वसुलीवाल्याला कुऱ्हाड लाकडाला लागते आहे की पायाला, याच्याशी देणेघेणे नसते.

व्याजाची अडचण आपल्यात आहे हे खरे. पण मुदारबाचा मार्गही आपल्याच घरात आहे. पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची, नफ्यात ठरलेला वाटा. हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन प्रेषित शामच्या व्यापाराला गेले तो व्यवहार याच तऱ्हेचा. आणि जकात? तेराव्या शतकातले इमाम नववी लिहून गेले आहेत की कारागिराला जकातीतून त्याच्या हत्याराची किंमत द्यावी. सातशे वर्षांनंतर आपल्या जकातीत रमजानचे शिधापाकीट असते, साडी असते, मदरशाची पावती असते. हातगाडी, शिवणयंत्र, वजनकाटा क्वचितच असतो. एक वर्ष एका मोहल्ल्याने शंभर साड्यांऐवजी दहा हातगाड्या देऊन पाहाव्यात, असे मी एकदा एका बैठकीत सुचवले होते. चहा आला आणि विषय बदलला.

तर ही कुऱ्हाड घेऊन पुन्हा सेमाडोहला येऊ, कारण मदिनेतला तो प्रसंग इथे अडतो. मदिनेभोवतीचे लाकूड तोडणाऱ्याचे होते. मेळघाटचे लाकूड कोणाचे?

१८६० च्या दशकापासून इंग्रजांनी मेळघाटातले उत्तम सागवान राखून ठेवायला सुरुवात केली. डोंगरउतारावर जाळून पेरायची कोरकूंची शेती बंद केली. जंगलात गावे ठेवली ती खात्याला मजूर लागत म्हणून. जो कोरकू आपल्या मर्जीने कुऱ्हाड चालवत होता तो ठेकेदाराच्या कुऱ्हाडीने ठेकेदाराचे झाड तोडू लागला. परतवाडा लाकडाची मोठी पेठ झाली, आरा गिरण्या आल्या. त्या पेठेत आपलेही पुष्कळ लोक होते. सुतार, हमाल, गाडीवान, काही व्यापारी. कोरकूच्या घामात त्यांचाही नफा होता, हे आपण आपल्या इतिहासात लिहिले पाहिजे. आपले जेवढे बुडाले तेवढेच लिहायचे आणि आपल्यामुळे जे बुडाले ते गाळायचे, हा इतिहास नव्हे.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. १९८५ मध्ये अभयारण्य झाले. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभर जंगलतोडीला आणि विनापरवाना आरा गिरण्यांना चाप बसला. फेब्रुवारी २००० मध्ये अभयारण्यांतून आणि राष्ट्रीय उद्यानांतून वाळलेले, पडलेले झाड, गवतसुद्धा काढायला मनाई झाली. जंगल राहिले पाहिजे यात शंका नाही. सिपनेचे पाणी त्या सागामुळेच आहे आणि सेमाडोहला येणारा प्रवासी वाघासाठीच येतो, रबडी तो नंतर खातो. पण कायद्याच्या नजरेत वाळक्या फांदीची मोळी आणि सागाचा ओंडका यांत फारसा फरक राहिला नाही, आणि मोळी विकणाऱ्या बाईचा एक दिरहम तिथे संपला. खव्याच्या कढईखालचे जळणही याच प्रश्नात येते. म्हशीला चराई लागते, तीही जंगलातच.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्काचे दार उघडले. मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यात पायविहीर हे कोरकूंचे गाव आहे. २०१२ च्या सुमारास त्यांना उजाड टेकड्यांवरचा सामूहिक वनहक्क मिळाला. त्यांनी चराई आवरली, झाडे राखली आणि जंगलातली सीताफळे स्वतः वेचून, प्रतवारी करून, खोक्यात भरून ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईपर्यंत पाठवली. पूर्वी हीच फळे व्यापारी पाटीच्या भावाने उचलीत. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. धारणी तालुक्यात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र काढले आणि कोरकू तरुणांच्या हाती बांबूचे कसब दिले. या दोन्ही ठिकाणी स्वप्न एकट्याचे राहिले नाही. एकट्याच्या डोक्यावरची घागर चार जणांनी धरली तर ती मान हलवल्याने पडत नाही. पण त्यासाठी आधी हक्काचा कागद लागला, आणि तो मिळायला माणसांना वर्षानुवर्षे कचेरीचे उंबरे झिजवावे लागले.

आपल्या मोहल्ल्यांत असा कागद कोणता? हातगाडी उभी करायच्या जागेचा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तो द्यायचे कबूल केले आहे. नगर परिषदेने सर्वेक्षण करावे, समिती नेमावी, ओळखपत्र द्यावे. आपल्यातल्या किती केळीवाल्यांना हा कायदा ठाऊक आहे? त्यांच्या पोरांनी तरी तो वाचावा, म्हणून इथे लिहिले.

राहिली न्हाव्याच्या पाचव्या भावाची गोष्ट. मुलांच्या पुस्तकांत ती काच फुटली की संपते. मूळ ‘अलिफ लैला’त ती संपत नाही. तो फुटक्या काचांपाशी रडत बसलेला असतो. जुमाच्या नमाजला निघालेली एक श्रीमंत स्त्री खेचरावरून त्या वाटेने जाते, का रडतोस म्हणून चौकशी करते आणि नोकराला सांगून पाचशे दिनारांची थैली त्याला देते. शंभर दिरहमच्या मालाच्या कितीतरी पट. मग एक म्हातारी त्याला फसवून एका घरात नेते, तिथे मारहाण होऊन थैली जाते. पुढे तो बरा होऊन, युक्तीने त्या लुटारूंना गाठून माल परत मिळवतो. तेव्हा शहराचा वाली त्याला धरतो, अभय देतो, सगळी हकिकत काढून घेतो. मग माल स्वतःकडे ठेवून, सुलतानाच्या कानावर जाऊ नये म्हणून त्याला शहराबाहेर हाकलतो.